कल्हई

विकणारा म्हणाला, "काढलं तेव्हा चालू होतं." आजवर जगात जेवढी मेलेली इंजिनं विकली गेली, ती सगळी काढली तेव्हा चालूच होती. तरी मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

मिशिगनमधल्या आमच्या गराजमध्ये ऐंशीच्या दशकातली माझदा आरएक्स-७ उभी आहे. उभं राहणं हाच तिचा व्यवसाय. तिला लागतं १३बी, वांकेल घराण्यातलं इंजिन. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, कमरेत दाबलेल्या पोकळीत फुगीर त्रिकोणी रोटर फिरतो; त्याचा एक फेरा होईतो शाफ्टचे तीन होतात. याच घराण्यातल्या चार रोटरच्या इंजिनावर माझदाने १९९१ साली ल माँची शर्यत जिंकली आणि माझ्यासारखी बरीच माणसं कायमची कामातून गेली.

शनिवारी सगळे भाग धुऊन डायनिंग टेबलावर मांडले. बायकोने टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिझ्झा मागवला.

आधी बिडाच्या तीन प्लेटा. वर स्ट्रेट एज आडवी धरायची आणि खालून फीलर गेजचं पान सरकवून बघायचं. वाकडेपणाला मुभा ०.०४ मिलिमीटरची. तेवढ्या जाडीचं पान सुळकन आत गेलं. प्लेट नीट पुसली नसेल. पुसली. गेलं. उजेड कमी असेल. दिवा आणला. गेलं. मग मी हात इतका हलका केला की पान आपोआप अडल्यासारखं वाटावं, आणि वहीत लिहिलं, 'ठीक'. मंडईत भाजीवालीशी घासाघीस न जमणारा मी, पोलादी पट्टीशी मात्र अर्धा तास घालत होतो.

एका रोटरच्या गालावर खड्डा निघाला. म्हणजे टोकावरची पट्टी, एपेक्स सील, कधीतरी तुटली होती आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडताना इथे ठेच देऊन गेली होती. काढलं तेव्हा चालू असेलही, दोन कोपऱ्यांवर.

उरली हाउसिंग, म्हणजे रोटर फिरतो ती पोकळी. ॲल्युमिनियमची, आतून क्रोमचा मुलामा. साठच्या दशकात हिरोशिमात माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो आणि त्यांच्या ४७ जणांच्या तुकडीला याच भिंतीने रडवलं. सील थरथरत फिरायची आणि आत ओळीने चरे पडायचे. 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत ते त्यांना. मी टॉर्च लावून तीनदा पाहिलं. सैतान कुठे दिसला नाही.

सांगलीहून आलेली आई तेवढ्यात चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तिने हाउसिंग कडेला सरकवली आणि जाता जाता आतून नख फिरवलं. दुधी कोवळा की निबर, हे ज्याच्यावर चाळीस वर्षं ठरलं ते नख. एक्झॉस्टच्या बाजूच्या कडेशी ते अडलं.

"कल्हई गेलीय याची," आई म्हणाली. "आंबट काही ठेवू नकोस यात."

मी समजावलं, की हे क्रोम आहे, पोपडा सुटला की सील खाल्ली जाते, दाब राहत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग तुमच्याकडे कल्हईवाला येत नाही का रे?"

मी वही ओढली आणि 'ठीक'च्या पुढे बारीक अक्षरात 'नाही' लिहिलं. तोवर नख दुसऱ्या हाउसिंगपाशी पोचलं होतं.