पिक्चर गार व्हता

जळगावात मे महिन्यात सिनेमाचं परीक्षण अंशांत होतं. पारा पंचेचाळीसला टेकला की तिकीट खिडकीवर नट कोण, नटी कोण, दिग्दर्शकाने याआधी काय दिवे लावले, असल्या चौकशा बंद पडतात. "एसी चालू शे ना?" एवढा एकच प्रश्न उरतो. माझे धुळ्याचे मामा तर उन्हाळ्यातल्या लग्नाला जळगावला आले की अक्षता पडल्यावर जेवून तडक थिएटर गाठतात. बाहेर आल्यावर मी विचारतो, "कसा होता?"

"गार व्हता."

"मामा, गोष्ट कशी होती?"

"ते माले काय माहीत? मी झोपी गऊ."

आणि हाच सिनेमा पुढचे पंधरा दिवस ते धुळे, शिरपूर, दोंडाईचा या पट्ट्यातल्या समस्त नातेवाइकांना आग्रहाने सुचवतात. पाहिलेल्या सिनेमावर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतील. झोपेत काढलेल्या सिनेमाची एवढ्या निष्ठेने शिफारस करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्या खानदानात सिनेमातला जाणकार म्हणून माझं नाव आहे. शुक्रवारी-शनिवारी पेपरातली परीक्षणं मी वाचतो आणि बोलताना "छायांकन" हा शब्द वापरतो, एवढ्या भांडवलावर ही पत टिकून आहे. दर शनिवारी दुपारी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी विचारतं, "आते काय देखू?" मी विचार करून, आशय, अभिनय, लांबी असं सगळं तोलून एक नाव सुचवतो. त्यावर चार अंगठे येतात. रात्री सगळे भलतंच काहीतरी पाहतात आणि रविवारी सकाळी मला ऐकवतात, "तू सांगितलेला पिक्चर काही खास नव्हता."

परीक्षणातले तारे तरी मला कुठे कळतात म्हणा. तीन तारे समजू शकतो. साडेतीनमधला तो अर्धा कशाबद्दल असतो? मामींना एकदा मी ताऱ्यांची पद्धत समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाचपैकी साडेतीन म्हणजे सत्तर टक्के. मग डिस्टिंक्शन हुकलं की नाही?" मामी शिक्षिका होत्या.

मामांची कसोटी वेगळी आहे. झोप लागली नाही तर ते एकच गोष्ट तपासतात: यात आपला माणूस कोण? आपला म्हणजे खान्देशी. जिवंत असो वा नसो, पडद्यावर असो की पडद्यामागे, एखादा धागा खान्देशाला लागला पाहिजे. तो लागला की सिनेमा उत्तम. मग त्याचा नायक कोकणात जन्मला काय आणि नायिका सह्याद्रीत मध काढत फिरली काय.

या शास्त्रात 'जैत रे जैत' पहिल्या क्रमांकावर आहे. १९७७ चा, जब्बार पटेलांचा. गोष्ट गो. नी. दांडेकरांची, ठाकरांची, कर्नाळ्याच्या डोंगराची. म्हणजे पार रायगडची. पण मामांचा हिशेब असा: स्मिता पाटील कोणाची? शिवाजीराव पाटलांची. ते कुठले? शिरपूरचे. ती जन्मली पुण्यात, हे मी सांगून पाहिलं. "बाळंतपणाला कोठे बी जातंस," असं म्हणून त्यांनी पुणे निकालात काढलं. आणि गाणी? ना. धों. महानोरांची. आता महानोरांचं पळसखेड जळगाव जिल्ह्यात नाही, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. मामा त्यावर विचारतात, "मग ते बाजाराला कुठे यायचे?" जिल्ह्याची हद्द बाजारावरून ठरवायची हे सूत्र महसूल खात्याला अजून सुचलेलं नाही.

स्मिताबाईंचे सगळे सिनेमे मामा सुचवतात. एक 'उंबरठा' सोडून. तो १९८२ साली त्यांनी मामींसोबत पाहिला होता. बाई घर सोडून स्वतःच्या कामासाठी जाते, हे मामींनी डोळे मोठे करून पाहिलं. त्या रात्री मामांना कळण्याची भाकरी स्वतः थापावी लागली म्हणतात. ती कशी झाली याबद्दल दोघांपैकी कोणीही बोलत नाही.

आमची आई बाजू घेते ती जळगावची. तिने मामांच्या शास्त्रावर कुरघोडी केली ती बहिणाबाईंना पुढे करून. असोद्याच्या बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि दहा वर्षांनी अनंत माने यांच्या 'मानिनी'त त्यांच्या कविता गाणी होऊन आल्या. आई हे सांगते तेव्हा बहिणाबाई जणू आमच्याच आळीत राहत होत्या असा तिचा चेहरा असतो. मामांनी यावर अमळनेरचा एक्का काढला. आचार्य अत्र्यांची 'श्यामची आई' १९५३ ची, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाची पहिली मानकरी. श्याम पालगडचा, मान्य. पण तो मोठा होऊन मास्तर कुठे झाला? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात. म्हणजे आपला. आई म्हणाली, अमळनेर जळगाव जिल्ह्यात येतं, धुळ्याने त्यावर हक्क सांगू नये. मामा म्हणाले, खान्देश एकच आहे. आई म्हणाली, मग बहिणाबाई तुझ्यासुद्धा आहेत, गप ऐक.

तसा खान्देश खरोखरच एक होता. इंग्रजांनी १९०६ साली त्याचा इंटर्व्हल केला, पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश. पुढे त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली आणि १९९८ मध्ये नंदुरबारचा तिसरा भाग निघाला. दुभंगलेल्या कुटुंबाची ही गोष्ट मनमोहन देसाईंच्या हाती कशी लागली नाही, कोण जाणे. शेवटच्या रिळात तिघे भाऊ पारोळ्याला एकाच धाब्यावर शेवभाजी खाताना एकमेकांना ओळखतात, असा शेवट त्यांनी नक्की केला असता.

मालेगावच्या बाबतीत मात्र मामांचं धोरण लवचीक आहे. विषय रस्त्यातल्या खड्ड्यांचा असला की मालेगाव नाशिक जिल्ह्यात. विषय सिनेमाचा असला की ते खान्देशात. आणि इथे मी पहिल्यांदा त्यांच्या बाजूने आहे. धुळ्याहून मुंबईकडे निघालं की तासाभरात मालेगाव येतं, आजूबाजूच्या खेड्यांत अहिराणी चालते, आणि सिनेमावरचं मला माहीत असलेलं सर्वांत चोख परीक्षण याच गावात झालेलं आहे. त्याला तारे नव्हते, शब्दमर्यादा नव्हती. ते कॅमेऱ्याने लिहिलं होतं.

मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. आठवडाभर खटखटाट आणि शुक्रवारी सुट्टी. सुट्टीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने २००० साली गावातली मंडळी गोळा केली आणि 'मालेगाव के शोले' काढला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. गब्बरच्या टोळीला घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. क्रेन नव्हती, तर बैलगाडीने कॅमेरा उचलला. गावाने तो सिनेमा डोक्यावर घेतला.

आता समीक्षक 'शोले'बद्दल काय लिहितात? पाश्चात्त्य पटांचा प्रभाव, मैत्रीचं मिथक, पोकळी, अवकाश. मालेगावच्या डाकूने सायकलवरून टांग टाकली आणि सगळ्या थाटामाटात नेमका हास्यास्पद भाग कुठला, ते एका पायडलमध्ये दाखवून दिलं. शिवाय त्यात आकस नाही. ज्याने एखादा सिनेमा पन्नास वेळा प्रेमाने पाहिलाय, त्यालाच त्याची अशी टोपी उडवता येते. परीक्षण लिहिणारे आम्ही लोक (बघा, मी स्वतःला त्यांच्यात धरलंच) फार तर दोनदा पाहतो, दुसऱ्यांदा तिकीट फुकट असतं म्हणून.

पुढे या मंडळींनी सुपरमॅनलासुद्धा मालेगावात उतरवलं. यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख हा अंगाने काटकुळा गडी सुपरमॅन झाला. फैजा अहमद खान यांनी त्या खटाटोपावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो पाहताना माणूस हसून हसून खुर्चीवरून घसरतो आणि नंतर शफीकला तोंडाचा कर्करोग होऊन तो गेला हे कळतं तेव्हा खुर्चीवर नीट बसतो. मग रीमा कागती यांनी याच मंडळींवर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमा काढला. पटकथा वरुण ग्रोव्हरची, नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव. तो २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे लागला. म्हणजे मालेगावाने मुंबईची नक्कल केली आणि पंचवीस वर्षांनी मुंबईने मालेगावची. मी ग्रुपवर तो मनापासून सुचवला. या वेळी नुसता अंगठा न टाकता मामांनी तो खरंच पाहिला, घरी, मोबाइलवर, जागेपणी. अभिप्राय आला: "आपलाच शे. पण यांनी मालेगावची शेवभाजी दाखवली नही."

तोवर मालेगाव मोबाइलमध्ये कधीच शिरलं होतं. छोटू दादाच्या 'खान्देश कॉमेडी' म्हणवणाऱ्या चित्रफिती कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्यात. सचिन कुमावत यांचं बबल्या नावाच्या फुगेवाल्याचं अहिराणी गाणं तर खान्देशातल्या एकाही वरातीतून सुटलेलं नाही. बायकांचे गळालेले केस घेऊन बदल्यात पोरांना फुगे देणारा फेरीवाला ज्याने लहानपणी पाहिलाय, तो त्या गाण्यावर नाचतोच. या सगळ्याचं परीक्षण शुक्रवारच्या पानावर मला कधी दिसलं नाही. तिथे अजून छायांकन चालू आहे.

पण सिनेमा किती खोलवर पोचला याचं खरं मोजमाप मला रावेरच्या फुईकडून, म्हणजे आत्याकडून, मिळालं. फुईचे यजमान, म्हणजे आमचे फुवा, केळीवाले. रावेर-यावलचा केळीवाला सकाळी आधी बुऱ्हाणपूरचा भाव विचारतो, मग चहा विचारतो. बुऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळी खान्देशाची राजधानी तिथेच होती. जवळच असीरगडचा किल्ला, जो अकबराने १६०१ मध्ये घेतला. मार्च २०२५ मध्ये फुवांनी भावासाठी फोन लावला, तर पलीकडचा म्हणाला, "भाव मग सांगतो, इथे लोक सोनं खणताहेत."

झालं होतं असं: १४ फेब्रुवारीला 'छावा' लागला होता. त्याच्या सुरुवातीलाच बुऱ्हाणपूरची लूट आहे, संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये मारलेली. मुघलांचा खजिना, मोहरा, झळाळ. असीरगडच्या परिसरातल्या लोकांनी तो पाहिला आणि त्यातला इतिहास वगैरे बाजूला ठेवून नेमका उपयोगाचा मुद्दा उचलला: माल इथलाच होता. त्यात रस्त्याच्या कामाची माती शेतात टाकलेली आणि तिच्यात जुनी नाणी सापडल्याची आवई. मग काय, रात्री टॉर्च, कुदळी, चाळण्या, मेटल डिटेक्टर घेऊन माणसं शेतात उतरली. अंधारात शेकडो दिवे हलतानाची दृश्यं बातम्यांत आली. शेवटी पोलिसांना यावं लागलं.

'छावा'चे दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांना असं परीक्षण कोणत्या पेपरात मिळालं असेल? साडेतीन तारे देणाऱ्याने आजवर कधी हातात कुदळ घेतली आहे? प्रेक्षक कथेत गुंतले, असं आपण लिहितो. इथे प्रेक्षक कथेत कमरेपर्यंत उतरले होते.

मी ही हकिगत मोठ्या चवीने ग्रुपवर सांगितली. आईने हात जोडल्याची खूण टाकली. मामींनी विचारलं की १६८१ मध्ये लुटून नेलेलं सोनं २०२५ मध्ये तिथे कसं असेल, लुटणारे विसरून गेले का? इतका साधा मुद्दा त्या रात्री कोणालाच कसा सुचला नाही, यावर मी एक छोटा परिच्छेद लिहायला घेतला होता, एवढ्यात मामांचा फोन आला. ग्रुपवर न बोलता ते सरळ फोन करतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"ते वावर कोनं व्हतं?"

"कुठलं वावर, मामा?"

"ज्यात खोदलं ते."

"असेल तिथल्या कोणा शेतकऱ्याचं."

"मग त्याची नांगरट फुकटात झाली. पिक्चरमधून खरा पैसा वसूल त्या एकट्याचा."

"आणि उभं पीक असलं तर?" मागून मामींचा आवाज.

मामा क्षणभर थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "भाच्या, तुझं त्या सिनेमावाल्यांमध्ये कोणी ओळखीचं शे का? आपल्या लळिंगच्या किल्ल्यावर बी फारुकींचं राज्य व्हतं. त्याच्यावर एक पिक्चर काढा म्हणा, खजिन्याचा. पायथ्याला माझं अडीच एकर माळरान पडीक शे. नुसते दगड. बैल जात नही, ट्रॅक्टरवाला येत नही. पिक्चर कसा बी असू दे, पण पावसाळ्याच्या आत लागला पाहिजे."