कंसातल्या गावचे काकाजी

महाराष्ट्रात तळेगावं उदंड. दाभाड्यांचं एक, ढमढेऱ्यांचं एक, शंकरपटाचं दशासर एक, आणि आमच्याच वर्धा जिल्ह्यात टालाटुल्यांचं आणखी एक. त्यामुळे आमच्या गावाला श्यामजी पंतांना कंसात घालून जन्मभर बरोबर न्यावं लागतं. एसटीच्या पाटीवर ते निभतं. पासपोर्टावर जन्मस्थळाच्या रकान्यात मात्र कधी कंस गळतो, कधी पंत गळतात, आणि दोघेही टिकलेच तर परदेशातल्या खिडकीमागचा साहेब म्हणतो, गाव विचारलं होतं, वडिलांचं नाव कशाला सांगता? अशा वेळी डॅलसहून असो की दम्मामहून, फोन काकाजींना येतो.

काकाजी आमच्या तळेगाव आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. त्याआधी वाहक होते. आर्वी, आष्टी, कारंजा, तिवसा अशा गाड्या सोडण्यात त्यांची नोकरी गेली. लांबचा पल्ला म्हणजे शेगाव. देशाबाहेर नोकरीला ते कधी गेले नाहीत. पण थोरला मुलगा डॅलसला, पुतण्या दम्मामला, लेक-जावई मेलबर्नला आणि साळ्याची पोरगी लेस्टरला, अशी माणसं चहूकडे पांगली आणि चार सरकारांचे नियम घरबसल्या काकाजींच्या अंगावर येऊन पडले. असे काकाजी आता विदर्भात गावोगाव सापडतात. कुठे निवृत्त गुरुजी असतात, कुठे मेडिकलवाले. पासपोर्ट मुलाच्या खिशात असतो, आणि त्याची तारीख बापाला तोंडपाठ.

यांची कुशल विचारण्याची रीतही वेगळी. बसस्टँडच्या चहाटपरीवर कोणी भेटलं की पहिला प्रश्न, "तुह्या पोट्ट्याचा कधी संपते?" नव्या माणसाच्या घशात चहा अडकतो. त्याला वाटतं, पोराला काही झालंय. काकाजी पासपोर्टाबद्दल विचारत असतात. दहा वर्षांचा पासपोर्ट हा साडेनऊ वर्षांचाच धरायचा, असा त्यांचा दंडक आहे. कारण पुष्कळ देश शेवटचे सहा महिने शिल्लक असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. "ते सा महिने देवघरात ठेवाचे," असं ते सांगतात, आणि ऐकणारा मान डोलावतो.

पासपोर्ट संपतो आणि नवा मिळतो, इथवर सगळ्यांना कळतं. खरा घोळ त्यानंतर. जुन्या पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसाचं काय? आमच्या शेजारचा मुलगा न्यू जर्सीत. त्याने तिकडूनच नवा पासपोर्ट काढला. सोबत जुना परत आला तो कोपरे कापलेला, वर रद्दचा शिक्का मारलेला. मुलाने कौतुकाने दोन्हींचा फोटो आईला पाठवला. आईने कापलेले कोपरे पाहिले आणि पदर डोळ्याला लावला: पोराला हाकललं! मुलाचे मामा त्याच वेळी घरी होते. व्हिसाचं पान अलगद कापून फेविकॉलने नव्यात चिकटवावं, असा तोडगा त्यांनी सुचवला. काकाजींना बोलावणं गेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"व्हिसाच्या पानावर शिक्का हाय का?"

"नाही."

"मंग कायले रडून राहिल्या? अमेरिकेचा व्हिसा नव्यात नेतच नाहीत. तारीख शाबूत असली की तो जुन्यातच रायते. जाताना दोन्ही दाखवाचे."

आईचं समाधान होईना. मेलेल्या पासपोर्टात जिवंत व्हिसा कसा राहील? तेव्हा काकाजींमधला वाहक जागा झाला. "वहिनी, आमच्या एसटीत पंच मारल्याबिगर तिकीट खरं नोयतं होत. पासपोर्टाले पंच मारला का तो मेला. पन त्याच्या पोटातला व्हिसा जित्ता." मग मामांकडे वळून म्हणाले, "अन् पान फाडलं का दोन्ही मेले." मामांनी फेविकॉलची बाटली गुपचूप खिडकीत ठेवली. दोन्ही पासपोर्टांना नोटांच्या गड्डीचं लाल रबर लावायचं, टाचणी-स्टेपल काही मारायचं नाही, असा लेखी हुकूम व्हॉट्सॲपवर न्यू जर्सीला गेला. तिथे तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. घड्याळाचा हा फरक काकाजींना माहीत असतो, मान्य नसतो.

अमेरिकेचं एक सरळ, पण प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. सौदीत नव्या पासपोर्टाचा नंबर तिथल्या पारपत्र खात्याच्या संगणकात चढवावा लागतो. तिथली माणसं त्याला ‘नकल मालुमात’ म्हणतात, आणि काकाजी हे शब्द फेरफार नोंदीच्या थाटात उच्चारतात. अमिरातीत राहण्याच्या परवान्याचा कागद पासपोर्टातच चिकटवत असत. पासपोर्ट बदलला की पैसे भरून तो नव्यात हलवायचा. एप्रिल २०२२ पासून तो चिकटवणंच बंद झालं आणि तिथल्या ओळखपत्रावर काम भागू लागलं. ऑस्ट्रेलियाने तर २०१५ पासूनच व्हिसाची चिठ्ठी देणं सोडलं. व्हिसा त्यांच्या संगणकात असतो आणि पासपोर्टाच्या नंबराला बांधलेला असतो. मेलबर्नची लेक नवा नंबर कळवायला विसरली आणि माहेरून परत जाताना विमानतळावर अडली. पासपोर्ट खरा, व्हिसा खरा, पण दोघांची आपसात ओळख नाही. त्या संध्याकाळी काकाजींनी फोनवर लेकीला जे सुनावलं, ते ऐकून आगारातल्या जुन्या चालकांना आपले दिवस आठवले.

इंग्लंडवर त्यांचा विशेष राग आहे. तिथे परक्या माणसाला राहण्याच्या परवान्याचं कार्ड मिळत असे. ३१ डिसेंबर २०२४ ला ती कार्डं संपली आणि सगळं ऑनलाइन झालं. आता नवा पासपोर्ट घेतला की आपल्या खात्यात जाऊन तो जोडायचा, झालं. सोपं आहे, म्हणूनच काकाजींना पटत नाही. "हातात काय देते मंग? काहीच नाही?" साळ्याच्या पोरीकडून त्यांनी पडद्याचा फोटो मागवला, इथल्या सेवा केंद्रात रंगीत छापला, लॅमिनेशन केलं आणि कुरिअरने लेस्टरला पाठवला. पोरगी गुणी आहे. तिने आभार मानले.

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या या माणसाला व्हिसाने एका बाबतीत मात्र पार बदलून टाकलं. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाला गाठून ते बजावतात, "पोरीचं नाव बदलू नका." व्हिसा एका नावाचा आणि नवा पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, हे प्रकरण नुसत्या रबराने जुळत नाही. लग्नाचा दाखला जोडा, शपथपत्र करा, आणि तरी कित्येकदा व्हिसा नव्यानेच मागावा लागतो. आपला कायदा लग्नानंतर नाव बदलायला लावत नाही, हे ते भर मांडवात सांगतात आणि वराकडच्या वडीलधाऱ्यांशी वाद घालतात. स्त्रियांच्या हक्कांवर ज्यांनी कधी चार ओळी वाचल्या नाहीत, त्यांच्यामुळे आमच्या पंचक्रोशीत काही मुलींची माहेरची नावं शाबूत राहिली आहेत. चळवळींना जे जड गेलं ते एका रकान्याने केलं, असं माझं मत आहे. काकूंचं मत निराळं. त्या म्हणाल्या, "माह्यं तर नावच ताटातल्या तांदळात लिहून बदलवलं. तवा कुठं गेला होता तुमचा रकाना?" काकाजींनी चष्मा पुसायला घेतला.

तिकडे कोणी पासपोर्ट काढला की कधी कधी चौकशीचा कागद इकडच्या ठाण्यात येतो. जमादार घरी येतो. हा प्रसंग काकाजी सणासारखा साजरा करतात. दोन साक्षीदार आधीपासून ओसरीवर बसलेले असतात, लाईट बिल आणि घरपट्टीची पावती टेबलावर, चहाचं आधण चुलीवर. "मुलगा घरी असतो का?" या प्रश्नावर ते इतका वेळ थांबतात की जमादार वर पाहतो. मग म्हणतात, "दिवाळीत येतो म्हणून राहिला."

फी काही नाही. आंबिया बहराची संत्री कोणी पाठवली तर घेतात. एजंटांवर डोळा लाल, कारण त्यांच्या मते ती माणसं फॉर्म भरतात पण काळजी करत नाहीत. दोषही आहेत. जो सल्ला मागत नाही त्यालाही देतात; आणि ज्याच्या घरचं कोणी परदेशात नाही, त्याच्याशी काय बोलावं हे त्यांना सुचत नाही. असा माणूस भेटला तर ते त्याला चिपवाल्या पासपोर्टाची गोष्ट सांगतात. २०२४ साली देशात ई-पासपोर्ट सुरू झाले तेव्हा पहिल्या काही कार्यालयांत नागपूर होतं. मुखपृष्ठावर खालच्या बाजूला सोनेरी खूण असते, ती त्यांनी कुणाच्या तरी पासपोर्टावर बोट फिरवून पाहिली आहे. "मुंबई-पुण्याच्या आधी," एवढं जोडायला ते विसरत नाहीत. हे नेमकं कितपत खरं, ते तपासायची मला गरज वाटली नाही. ज्या विदर्भाला सगळं उशिरा मिळतं, त्याने एकदा तरी आधी म्हणावं.

सध्या त्यांचं लक्ष नातवाकडे आहे. तो २०२१ साली डॅलसला जन्मला, म्हणजे पासपोर्ट अमेरिकेचा. आणि भारतात यायला परदेशस्थ नागरिकाचं, ओसीआयचं कार्ड. लहान मुलाचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. पूर्वी असा पासपोर्ट बदलला की दर वेळी कार्डही नवं काढावं लागे. २०२१ साली आपल्या सरकारने ते सोपं केलं. आता वीस वर्षांचा होईपर्यंत दर नवा पासपोर्ट आणि फोटो संकेतस्थळावर चढवायचा, आणि विशीनंतर नवा पासपोर्ट निघाला की कार्ड एकदा बदलायचं. काकाजींकडे नोकरीतल्या नोंदवहीसारखी रेघा मारलेली एक वही आहे. तिच्यात हे सगळं मांडलेलं आहे, शेवटची ओळ २०४१ ची. परवा मी गेलो तेव्हा ते डॅलसला तीच ओळ वाचून दाखवत होते. "दोन हजार एक्केचाळीस. लिहून घे. नुसतं हो-हो करू नको. सुनबाईले पन लिहून घ्याले सांग."

आतून काकूंचा आवाज आला, "एक्केचाळीसचं झालं असन तर आपल्या रेशनकार्डाचं पन पाहा जरा. अंगठा द्याची तारीख परवा हाय."

काकाजींनी फोनवर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "ते खातं माह्याकडे नाही."