सटवाईच्या आधीचं तिकीट

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या वाडीच्या मधे बेशरमाचं कुंपण आहे. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी बेशरम पाहिला नसेल म्हणून सांगते. काडी तोडून मातीत खुपसली की लागली, गाय-बकरी तोंड लावत नाही, आणि फिकट जांभळी, भोंग्यासारखी फुलं येतात. नावच बेशरम असल्यामुळे त्याच्या अल्याड-पल्याड उभं राहून लोकांच्या घरचं बोलायला लाज वाटत नाही. आमच्या लालबर्ऱ्यातल्या (मध्यप्रदेशात, बालाघाटकडे) निम्म्या बातम्या या कुंपणावरून इकडच्या तिकडे होतात, उरलेल्या सोमवारी बाजारात कळल्या तरी चालतं.

मार्गशीर्षातली एकादशी. मी पोपटीच्या वेलाला पाणी घालत होते. काकू जुन्या लुगड्याचे चौकोनी तुकडे धुऊन बेशरमावर वाळत टाकत होत्या. बाळाची दुपटी आणि लंगोट जुन्या कापडाचे, हे आमच्याकडे ठरलेलं. लेकरू जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही. अंगडं नाही, टोपडं नाही, पाळणा तर नाहीच नाही.

"ऐकलं का वहिनी, जवाईबापूनं तिकीट काढलं."

"कोणाचं?"

"लेकराचं."

"कोणत्या लेकराचं, काकू?"

काकूंनी ओल्या हातानं ओसरीकडे बोट केलं. त्यांची लेक आठवा महिना सांभाळत उन्हात पाय पसरून बसली होती.

"त्याच! आतमधल्या!"

आता घडलं ते असं. लेक पुण्याला, जावई कॉम्प्युटरवाले. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाला अजून तरी कोणत्या कंपनीनं वर्क फ्रॉम होम लावलेलं नाही. म्हणून ती आठवड्यापूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुण्याहून विमानानं नागपूरला उतरली आणि तिथून गाडीनं खवासा, सिवनी, बरघाट करत लालबर्ऱ्याला आली. विमानात बसली तो वेळ थोडा, गाडीत बसून कंबर मोडली ती चार तास. चिठ्ठी लागते, हेही काकूंना नवीनच होतं. साधारण सात महिने उलटले की बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं लिहून मागतात, आणि छत्तीस आठवड्यांनंतर बसूच देत नाहीत. तेव्हा येण्याचं जमलं. प्रश्न जाण्याचा होता. येताना एक, जाताना दोन.

बाळंतपणाची तारीख फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. सव्वा महिना झाला, अंगात थोडी ताकद आली की एप्रिलअखेर पुण्याला परत, असा हिशेब. तेवढ्यात तिकिटांचा सेल लागला. जावईबापूंनी रात्री बाराला बसून बायकोचं परतीचं तिकीट काढलं. खाली एक ओळ दिसली, 'सोबत तान्हं बाळ आहे का?' सरळमार्गी माणूस. दाबलं 'आहे'.

तिथं गाडी अडली. पहिल्यांदा विचारलं नाव. मग जन्मतारीख. एप्रिलच्या प्रवासाला फेब्रुवारीची तारीख टाकायला गेले तर कॅलेंडरमधले पुढचे सगळे दिवस राखाडी, बोट दाबून दाबून दुखलं तरी उघडेनात. सेल बाराच्या पुढे दोन तास. घाई झाली. त्यांनी त्या दिवसाची तारीख टाकली. नावाच्या जागी 'बाळ', पुढे आडनाव. आणि शेवटी मास्टर की मिस? त्यातलं एक निवडल्याशिवाय पैसे भरायचं पान येईना. त्यांनी दाबलं मास्टर.

"म्हंजे कागदावर आपला नातू एकादशीला झाला!" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. "अन् इथं ते लेकरू पोटात लाथा मारून राहिलं."

मला हसू आवरेना. काकूंना मात्र हसण्याजोगं काही दिसत नव्हतं. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. पाचवीच्या पूजेला आपण पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी काय ते लिहून जाते. तिच्याही आधी या विमानवाल्यांनी नाव, तारीख, वार, सगळं लिहून मोकळं व्हावं?

"अन् मास्टर काहून टाकलं? त्याले कोणी सांगतलं?"

हा प्रश्न मात्र मोठा होता. बालाघाटच्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी आहे, लिंग तपासलं जात नाही म्हणून. १९९४ चा कायदा आहे. सांगणारा आणि विचारणारा दोघंही तुरुंगात जाऊ शकतात. डॉक्टरांनी जे सांगायचं नाही ते तिकिटाचा फॉर्म विचारतो, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. जावयांना ठाऊक नव्हतंच. त्यांनी जे वर होतं ते दाबलं. पण ही गोष्ट काकूंच्या लेकीला पटेना. 'वर मिस असतं तर ते दाबलं असतं का?' असं तिनं फोनवर विचारलं म्हणे, आणि पलीकडून बराच वेळ आवाजच आला नाही.

दुपारी आम्ही तिघी एमपी ऑनलाइनच्या दुकानात गेलो. जमिनीचा खसरा, समग्रचा ओळख क्रमांक, शिष्यवृत्ती, रेल्वेचं तिकीट, सगळं तिथंच निघतं. दुकानातला पोरगा माझ्या हाताखाली चौथीला होता, त्यामुळे मला बसायला खुर्ची मिळते. त्यानं तिकीट पाहिलं, मान खाजवली आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावून स्पीकरवर टाकला. दहा मिनिटं वाद्यवृंद ऐकवल्यावर एक मुलगी आली.

"मैम, बच्चे की सही जन्मतिथि बताइए."

"अभी हुआ नहीं है," काकू म्हणाल्या.

पलीकडे शांतता. मग अगदी हळू आवाजात, "मैम, फिर टिकट किसका है?"

"उसी का है."

दुकानात झेरॉक्ससाठी उभे असलेले चार जण खाली बघून हसत होते. त्या मुलीनं मात्र धीर सोडला नाही. तिनं समजावलं ते असं. दोन वर्षांखालच्या लेकराला विमानात खुर्ची नसते, ते मांडीवर. त्याचे देशातल्या देशात ठरावीक पैसे पडतात, भाडं नाही. पण त्याचं नाव आईच्या तिकिटाला जोडायचं तर आधी लेकरू जगात हवं, कारण विमानतळावर वयाचा दाखला बघतात. तिकिटावर डिसेंबरचा जन्म आणि दाखल्यावर फेब्रुवारीचा असला तर दारातच अडकाल. चुकीच्या लेकराची ओळ काढून टाकता येईल, त्याचे पैसे परत मिळणार नाहीत, आईचं तिकीट तसंच राहील. बाळ झालं, नाव ठेवलं, दाखला आला की फोन करा, जोडून देऊ. आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, एका विमानात मांडीवरची लेकरं किती घ्यायची याला मर्यादा असते.

मर्यादा कशाला, तर प्राणवायूच्या मुखवट्यांसाठी. ओळीच्या एका बाजूला जितक्या खुर्च्या असतात त्यापेक्षा मुखवटा एखादाच जास्त असतो. दोन तान्ही एकाच बाजूला बसवली तर एकाला हवा पुरायची नाही. ही गोष्ट मला आवडली. भाडं घेत नाहीत पण श्वास मोजतात.

काकूंनी एकच गोष्ट विचारली. "लेकराच्या वाट्याचं वजन किती?"

"मैम, उसका अलग सामान नहीं."

काकूंचा चेहरा पडला. त्यांच्या मनात चिन्नोर होता. आमच्या बालाघाटच्या या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी तो काय कमी वासाचा होता असं नाही, पण तेव्हापासून काकू पुण्याला पाठवताना पिशवीवर नाव लिहून पाठवतात. लेकीच्या पंधरा किलोत डिंकाचे लाडू, बाळंतविडा आणि दुपटी गेल्यावर तांदूळ कुठं बसवायचा? लेकराचे दहा-बारा किलो हिशेबात धरले होते त्यांनी.

संध्याकाळी कुंपणावर तिसऱ्या घरच्या आत्याबाई येऊन मिळाल्या. त्यांचं डोकं तिरकं चालतं. "अन् जुळे झाले तं?"

झाले तर पंचाईत खरीच. एका मांडीवर एकच लेकरू, हा विमानवाल्यांचा सगळीकडचा नियम. दुसऱ्यासाठी दुसरी मांडी लागते, म्हणजे काकूंनाही पुण्याला जावं लागेल. काकूंच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मी पाहिलं. त्यांना जुळं नको होतं असं नाही म्हणता येणार.

"त्याच्यापेक्षा विमानातच बाळंत व्हावं माय. जन्मभर फुकट फिरवतात म्हंते," आत्याबाई.

हे बोलणं मी गेली काही वर्षं ऐकते आहे, म्हणून त्यांना खरी गोष्ट सांगितली. १८ जून २०१७ ला सौदीतल्या दम्मामहून कोचीला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात एक बाई वेळेआधी बाळंत झाली. प्रवाशांत एक नर्स होती, तिनं सोडवलं. विमान मुंबईला वळवून मायलेकरांना दवाखान्यात नेलं. मुलगा झाला. कंपनीनं जाहीर केलं, या मुलाला आमच्या विमानात जन्मभर फुकट. पेपरात फोटो, कौतुक. पुढे १७ एप्रिल २०१९ ला ती कंपनीच बंद पडली. हिशेब करा, पोरगं तेव्हा बावीस महिन्यांचं. दोन वर्षांचं व्हायचं होतं, म्हणजे तसंही ते मांडीवरच बसणार होतं. ज्या दिवसापासून त्याला खुर्चीचं तिकीट लागलं असतं, त्याच्या दोन महिने आधीच फुकट देणारा गेला.

"मंग आपली रेल्वे बरी," आत्याबाई म्हणाल्या. रेल्वे बरीच. पाच वर्षांखालच्या लेकराला वेगळी बर्थ घेतली नाही तर तिकीटच नाही, नावही कोणी विचारत नाही. आत्याबाईंच्या लहानपणी गोंदिया-जबलपूरची छोटी लाईन होती. बालाघाटहून नैनपूरला जाताना त्यांच्या आईच्या कडेवर एक, हाताशी दोन आणि पोटात एक असायचं. टीटी आला की हाताशी असलेल्यांतलं मोठं खाली बसायचं, कडेवरचं रडायचं आणि तो पुढच्या डब्यात जायचा. तिकीट आईचं एकटीचं. आता तिथं मोठी लाईन झाली, आणि पोटातल्याची नोंद व्हायला लागली.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी दिलेली तारीख आली आणि गेली. दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात, तेव्हा यात काही नवल नाही. सहा दिवस उशिरा, पहाटे, बालाघाटच्या दवाखान्यात मुलगी झाली. मास्टर नाही, मिस. बातमी घेऊन काकू कुंपणाशी आल्या तेव्हा त्यांनी आधी हे सांगितलं आणि मग वजन. "जवाईबापूले फोनवर म्हणलं, आता वरचं दाबू नका, खालचं दाबा."

पाचवीला मी गेले होते. पाटावर कोरा कागद, लेखणी, दिवा. काकूंनी कागद दोनदा उलटून पाहिला, कोरा आहे ना म्हणून.

पुढचं काम सरकारी, आणि तिथं सरकार विमान कंपनीपेक्षा समजूतदार निघालं. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची, पण नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. नाव नसलं तरी नोंद होते, वर्षाच्या आत नाव मागाहून फुकट घालता येतं. काकू खूश. म्हणजे बारसं आपल्या वेळेनं, आत्यानं कानात कुर्र केल्यावर. फक्त आता २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी हाच एक दाखला चालतो, म्हणून स्पेलिंग सांभाळून लिहा, असं दुकानातल्या पोरानं बजावलं होतं. आणि तिथंच अडलं. मुलीच्या नावात 'व' आहे (बाकी अक्षरं सांगायची मला परवानगी नाही). इकडचा लिहिणारा 'व' साठी डब्ल्यू घालतो, वारासिवनीच्या पाटीवर असतो तसा. जावईबापूंना व्ही हवा. दोन दिवस फोन चालले. तिकिटावर दाखल्यावरचंच नाव लागतं म्हणून दाखला येईपर्यंत कोणी कंपनीला फोन केला नाही. शेवटी व्ही झाला. जन्मस्थान मात्र बालाघाट, मध्यप्रदेश, तिथं पुण्याचं काही चाललं नाही.

मार्चअखेर त्याच दुकानातून पुन्हा फोन लागला, पुन्हा वाद्यवृंद, दुसरी मुलगी. नाव, तारीख, मिस. पाच मिनिटांत काम झालं. डिसेंबरातल्या त्या मास्टरचे पैसे गेले ते गेलेच. काकू त्याला अजूनही 'तो पहिला' म्हणतात.

तुमच्या घरी लेक बाळंतपणाला येणार असेल, तर सेल कितीही मोठा असो, परतीचं तिकीट तिचं एकटीचं काढा, दाखला हातात आला की फोन करून लेकराला त्यात घाला. आणि चिन्नोर आईच्या पंधरा किलोत बसेल तेवढाच बांधा.