गच्चीवरची राक्षससेना

"वहिनी, पापड नंतर उलटा. आधी वर बघा, शेजारच्यांच्या धाकट्यानं गच्चीवर पुन्हा खोकं मांडलंय."

"बघितलं की! भल्या पहाटे फवारा मारत होता. मला वाटलं, ढेकणांचं औषध."

"औषध कसलं, राक्षसांना अस्तर! आधी काळा हात दिला की वरचा रंग प्लॅस्टिकला धरतो म्हणे. दुपारी मारायची सोय नाही. आपल्या बार्शीच्या उन्हात फवारा हवेतच वाळतो आणि अंगावर रवाळ बसतो."

"तुम्हाला हो कसं ठाऊक?"

"विरजण मागायला गेले होते ना! इंग्लंडात नॉटिंगहॅमला कंपनी आहे, तिचा वॉरहॅमर म्हणून खेळ, १९८३ पासूनचा. टेबलावर सैन्य मांडायचं, टेपानं मोजून पुढं सरकवायचं, कोण मेलं ते फाशांवर. सैनिक सुटे येतात. कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सव्वा इंचाचा राक्षस, आणि त्याच्या डोळ्यातलं बुबुळसुद्धा काढतो!"

"डोळे जातील पोराचे."

"भिंग लावतो. मूळ रंग झाला की वरून पातळ तपकिरी पाणी सोडतो. ते खाचांत उतरतं नि सुरकुत्या उठून दिसतात. मग कुंचला फडक्याला पुसून कोरडाच उंचवट्यांवरनं फिरवायचा. खरं सांगू? गंजलेलं चिलखत असं दिसतं, की हात लावला तर बोटाला गंज लागेल."

"कुंचला मुंगसाच्या केसांचा असेल. आमच्या मास्तरांकडं होता."

"छे, त्याला आता बंदी आहे. याचा नायलॉनचा."

"आई काय म्हणते?"

"आईचा राग चहाच्या गाळणीवर. शेतातली काळी माती गाळणीनं चाळली आणि राक्षसांच्या पायाखाली चिकटवली. कडब्याचे तुकडे तोडून ओंडके केले. नॉटिंगहॅमचे राक्षस, उभे मात्र बार्शीच्या रानात!"

"एवढं करून लढतो कुणाशी?"

"तीच तर गंमत! गावात दुसरा खेळणारा नाही. एक दोस्त आहे, तो पुण्याला. फौज सज्ज आणि शत्रूला सुट्टी मिळंना."

"मग लग्न तरी करावं."

"तुमचं आपलं एकच! अहो, वेल्स म्हणून मोठा लेखक होता, तोही चांगला बाप्या झाल्यावर शिशाचे शिपाई मांडून स्प्रिंगच्या तोफेनं उडवायचा. १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तकच काढलं त्यानं. आणि आपल्या पोरांचा दिवाळीतला किल्ला काय वेगळा? चिखल कालवायचा, अळीव पेरायचे, मावळे मांडायचे."

"मावळे बाजारातनं रंगवून येतात हो."

"म्हणून तर एकाच्या मिशा गालावर आणि दुसऱ्याच्या कपाळावर! मला तर याचंच काम जास्त पटलं. गेल्या दिवाळीला पुतण्यानं हट्ट धरला, तर यानं त्याच्या किल्ल्यापाशी चार राक्षस आणून उभे केले."

"अगं बाई! मग?"

"मग काय! बाजारातला मावळा चांगला वीतभर. राक्षस त्याच्या गुडघ्याला लागेनात. पुतण्या म्हणाला, काका, हे यांची पोरं आहेत का?"