सीडीची फट बुजली : नवशिक्या तक्रारदारांसाठी

एखाद्या कंपनीने आपल्या छोटेखानी संगणकातून सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह काढून टाकला, तर सभ्य माणसाने काय म्हणावे, किती मोठ्याने म्हणावे आणि म्हणून झाल्यावर तोच संगणक मुकाट्याने कधी विकत घ्यावा, याचे रीतसर शिक्षण कुठेच मिळत नाही. जो तो आपापल्या परीने बोटे मोडतो. त्यात ना शिस्त, ना क्रम. म्हणून हा प्रपंच. सरावासाठी अमेरिकेतला २०११ सालचा मॅक मिनी घेतला आहे. त्यावर झालेला गदारोळ इतका सर्वांगसुंदर होता की नवशिक्याला दुसरे उदाहरण लागू नये.

पूर्वतयारी

थोडी पार्श्वभूमी पाठ असावी, म्हणजे तक्रारीला वजन येते. मॅक मिनी जानेवारी २००५ मध्ये आला. साडेसहा इंच लांब, तितकाच रुंद, दोन इंच उंच, किंमत ४९९ डॉलर. पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याचा त्याने आणायचा. पुढच्या बाजूला एक आडवी फट. जून २०१० मध्ये तो अ‍ॅल्युमिनियमचा झाला, पसरला (७.७ इंच), चपटला (१.४ इंच), एचडीएमआय घेऊन आला आणि ६९९ डॉलरला जाऊन बसला. फट शाबूत. मग २० जुलै २०११ला नवा मिनी आला. नवा प्रोसेसर, थंडरबोल्ट, किंमत ५९९ डॉलर, आणि पुढची बाजू गुळगुळीत. फट गायब.

त्याच दिवशी ‘लायन’ ही नवी ऑपरेटिंग सिस्टिमही आली. ती दुकानात डिस्कवर नव्हे, तर इंटरनेटवरून २९.९९ डॉलरला उतरवून घ्यायची होती. हा योगायोग नव्हता हे ओळखणे प्रत्येक तक्रारदाराचे कर्तव्य आहे. ‘कट’ हा शब्द मात्र पहिल्याच दिवशी वापरू नये. दुसऱ्या दिवशी काय बोलणार?

एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरावी. ऑक्टोबर २००९ पासून मिनीचा एक सर्व्हर अवतार मिळत होता आणि त्यात ड्राइव्ह नव्हताच. त्याच्या जागी दुसरी हार्ड डिस्क होती. म्हणजे धोक्याची घंटा दोन वर्षे आधीच वाजली होती. पण सर्व्हर दुसऱ्यांच्या कपाटात असतो. दुसऱ्याच्या कपाटातली फट बुजली म्हणून कोणी छाती पिटत नाही.

पाठ पहिला : ‘मी तर रोज वापरतो’

हे मूलभूत वाक्य. आरशासमोर उभे राहून दहा वेळा म्हणावे. म्हणताना नजर ड्राइव्हच्या फटीवर जमलेल्या धुळीकडे जाऊ देऊ नये.

वाक्यात जीव ओतायचा तर डिस्क घालण्याची क्रिया एकदा तरी करून पाहावी. डिस्क कडेने धरायची, बोटाचे ठसे न उमटवता. फटीशी नेऊन हलकेच आत सारायची. निम्म्याहून जास्त आत गेली की आतला रूळ ती बोटांतून काढून घेतो. आपण ढकलत नाही, यंत्र ओढते. मग खर्रर्र, क्षणभर शांतता, पुन्हा एकदा घरघर, आणि पडद्यावर गोल चिन्ह. हे सुख पेन ड्राइव्हमध्ये नाही. तो पहिल्यांदा उलटाच जातो. तक्रारीचा हा भाग खरा आहे आणि त्याबद्दल कोणी हसू नये.

डिस्क आत अडकली तर काय करायचे, हेही जाणकारांना ठाऊक असे. मशीन पुन्हा सुरू करायचे आणि सुरू होताना माउसचे बटण दाबून धरायचे. नशीब चांगले असेल तर डिस्क बाहेर येते. आठ सेंटिमीटरची छोटी डिस्क या फटीत घालू नये, अशी सक्त सूचना असे. ती कोणी आणि का घालत होते, हे विचारू नये. ज्यांच्या घरात लहान मुले होती, त्यांनी फटीत आणखी काय काय गेले याची यादी इथे जोडावी. पण मग तक्रारीचा सूर बिघडतो आणि ‘बरेच झाले फट गेली’ असे तोंडून निघून जाण्याचा धोका आहे.

पाठ दुसरा : पट्टी

शालेय पट्टी घ्यावी. २०१० चा मिनी मोजावा : १.४ इंच. २०११ चा मोजावा : १.४ इंच. आता शांतपणे विचारावे, ‘मग काढला कशाला?’

या तक्रारीला खरेच उत्तर नाही, म्हणून ती सर्वांत मौल्यवान. ड्राइव्ह काढला की डबा बारीक होतो, ही आपली भाबडी समजूत. इथे पोट कापले, पण कंबर तेवढीच राहिली. वजन तेवढे घटले : सव्वा किलोच्या आत आला, म्हणजे आधीपेक्षा दीडेकशे ग्रॅम हलका. हा डबा टेबलावर ठेवायचा आहे, त्यामुळे या दीडशे ग्रॅमचा आनंद नेमका कोणाला झाला हे कळत नाही.

हौशी मंडळींनी डबा उलटा करावा. खाली काळे गोल झाकण असते, त्यावर दोन खोलगट जागा. तिथे अंगठे ठेवून थोडे फिरवले की झाकण हातात येते. (२००५ चा मिनी उघडायला रंगाऱ्याची पातळ पट्टी घालून कवच उचकटावे लागे, तेव्हा माणसे कणखर होती.) आत ड्राइव्हच्या जागी बऱ्यापैकी मोकळी जागा दिसते. तिथे दुसरी हार्ड डिस्क बसते, फक्त त्यासाठी एक वेगळी केबल मिळवावी लागते. सर्व्हर मॉडेलमध्ये ५०० जीबीच्या दोन डिस्क अशाच बसवलेल्या होत्या. म्हणजे एकाच साच्यात दोन्ही मॉडेल काढण्याचा हा व्यवहार. हे कळल्यावर बरेच तक्रारदार गप्प होतात आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागतात. अशांना वर्गातून काढून टाकावे.

पाठ तिसरा : हिशेब (करू नये)

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कंपनी ७९ डॉलरला विकत होती. ५९९ अधिक ७९ बरोबर ६७८. आधीचा ड्राइव्हवाला मिनी ६९९ चा. म्हणजे दोन्ही घेऊनही २१ डॉलर वाचतात. हा हिशेब चारचौघांत मांडू नये, सगळी मैफल बसते. त्याऐवजी ‘आता ड्राइव्हसाठी वेगळे ७९ डॉलर मोजा!’ एवढेच म्हणावे आणि पाण्याचा घोट घ्यावा.

त्या ड्राइव्हच्या खोड्या मात्र खुशाल सांगाव्यात. केबल त्याला कायमची चिकटलेली आणि आखूड. मिनीचे चारही यूएसबी पोर्ट मागच्या बाजूला. त्यामुळे ड्राइव्ह मिनीच्याच डोक्यावर बसवावा लागे. सुबक, सपाट, काही म्हणजे काही बाहेर न आलेला संगणक, आणि त्याच्या टाळूवर ही वीट. शिवाय तो मॅकबुक एअर आणि या मिनीसारख्या बिनड्राइव्हच्या मशीनवरच चालायचा. ज्यांच्या जुन्या मॅकचा आतला ड्राइव्ह मेला होता, त्यांनी हा आणून जोडला तर तो ढिम्म हलत नसे. ज्याला गरज त्याला नकार! पुढच्या वर्गात जाणाऱ्यांनी हा मुद्दा राखून ठेवावा.

पाठ चौथा : फुकटचा सल्ला

‘दुसऱ्या संगणकाचा ड्राइव्ह नेटवर्कवरून वापरा’, अशी सोय २००८ च्या मॅकबुक एअरपासून होती. म्हणजे ज्याच्याकडे ड्राइव्ह नाही, त्याने ड्राइव्ह असलेला संगणक घ्यावा. त्यातही डीव्हीडीवरचा सिनेमा किंवा गाण्यांची सीडी चालत नव्हती. पुढे चला.

पाठ पाचवा : दिवाणखान्यातला आक्रोश

खरे रणकंदन इथे झाले. मिनी हा अनेकांच्या अभ्यासिकेत नव्हताच; तो टीव्हीखाली होता. २०१० मध्ये एचडीएमआय आल्यावर तर त्याचे नशीबच उघडले. एक तार, एक रिमोट, आणि फटीत डीव्हीडी. घरातल्यांना तो संगणक आहे हे कळतही नसे, आणि टीव्हीखालच्या वस्तूबद्दल याहून मोठी स्तुती नाही.

मग वर्षभरात फट गेली. त्याच दिवशीच्या लायनमधून ‘फ्रंट रो’ हा रिमोटवर चालणारा कार्यक्रमही गेला. रिमोटचा इशारा ओळखणारा डोळा मात्र डब्याच्या तोंडावर तसाच ठेवला होता. तो कशाची वाट पाहत होता देव जाणे.

यातला सर्वांत दुर्दैवी गट ब्लू-रे मागणाऱ्यांचा. मिनीत साध्या डीव्हीडीऐवजी ब्लू-रे ड्राइव्ह यावा म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षे नवस बोलत होती. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी २००८ मध्येच ब्लू-रेच्या परवान्यांच्या कटकटीवर जाहीर नाक मुरडले होते, तरी यांनी आशा सोडली नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी म्हण आहे. इथे मागितला जास्त चांगला डोळा, आणि होता तोही गेला.

काळही मजेदार जुळून आला होता. आठवडाभर आधी, १२ जुलैला, नेटफ्लिक्सने अमेरिकेत टपालाने येणारी डीव्हीडी आणि इंटरनेटवरचे सिनेमे यांचे दर वेगळे केले. दोन्ही हवे असणाऱ्यांचे ९.९९ चे १५.९८ डॉलर झाले. म्हणजे एकाच महिन्यात एकाने डिस्क महाग केली आणि दुसऱ्याने ती घालायची जागाच बुजवली. नेटफ्लिक्सच्या डीव्हीडीचे लाल पाकीट हातात घेऊन गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमकडे पाहणारा गृहस्थ, हा तक्रारदारांमधला आदर्श नमुना समजावा.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी इथे एक पोटपाठ. पुण्याहून आत्याने पाठवलेली नाटकाची डीव्हीडी पाल पद्धतीची, आणि न्यू जर्सीतला प्लेअर एनटीएससीचा. त्यामुळे बहुतेक वेळा प्लेअर तोंड फिरवी. संगणकाला असला सोवळेपणा नव्हता. डीव्हीडीला ठरवून दिलेल्या विभागांची अडचण मात्र होती : भारताचा विभाग पाच, अमेरिकेचा एक. ड्राइव्हला विभाग पाचदा बदलता येई आणि पाचव्यांदा कायमचा ठरे. त्यामुळे नाटक लावायचे की मुलांसाठी वाचनालयातून आणलेले कार्टून, यावर घरात तह होत. अशा घरांनी मिनीबद्दल हळहळ व्यक्त केली तर ती शंभर टक्के ग्राह्य धरावी.

पाठ सहावा : इतिहासाचा दाखला

वादात कधीतरी कोणीतरी १९९८ काढतोच. त्या वर्षीच्या आयमॅकमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता, तेव्हाही आकाश कोसळले होते आणि पुढे काहीच झाले नाही, असा हा दाखला. तो द्यायला सोपा, म्हणून जपून वापरावा. त्या आयमॅकचा सीडी ड्राइव्ह फक्त वाचायचा, लिहायचा नाही. म्हणजे फाइल बाहेर नेण्याचा घरगुती रस्ताच बंद झाला होता आणि लोक जाऊन यूएसबीचे फ्लॉपी ड्राइव्ह विकत घेत होते. त्या वेळचे रडणे पोकळ नव्हते.

गंमत अशी की ‘फ्लॉपी कोण वापरतो हल्ली, सीडी आहे ना’ म्हणून १९९८ मध्ये हसणारी माणसेच २०११ मध्ये सीडीसाठी गळा काढत होती. दोन्ही वेळा वस्तू वापरातून चाललीच होती. खुपले ते हे की ती कधी टाकायची, हे मालकाला कोणी विचारले नाही. स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकलेल्या वस्तूबद्दल कोणी मोर्चा काढत नाही.

पाठ सातवा : ‘डिस्क कोण वापरतो?’

विरुद्ध पक्षात जायचे असेल तर एवढे एकच वाक्य पुरते. ते म्हणताना खांदे किंचित उडवावेत. पात्रता : घरी वेगवान ब्रॉडबँड असणे.

मला हा गट पहिल्यापेक्षाही कमी सहन होतो. लायन जवळजवळ चार जीबीचे होते. त्याच वर्षी मे महिन्यात एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने डीएसएल इंटरनेटच्या ग्राहकांवर महिन्याला १५० जीबीची मर्यादा घातली होती, आणि गावाकडच्या कित्येक घरांत मर्यादा गाठण्याइतका वेगच नव्हता. त्यांना सांगितले गेले की मशीन घेऊन कंपनीच्या दुकानात या आणि तिथल्या जोडणीवर उतरवा. ज्याच्या गावात ब्रॉडबँड नाही, त्याच्या गावात हे चकचकीत दुकान असेल काय? ऑगस्टमध्ये लायन यूएसबी स्टिकवर आले, ६९ डॉलरला. इंटरनेट नसल्याचा दंड चाळीस डॉलर.

सीडीवर स्वरसंग्रह घेऊन बसलेले संगीतकार, गिऱ्हाइकाला लग्नाचे फोटो डीव्हीडीवर देणारे छायाचित्रकार, डिस्कवर अभ्यासक्रम आलेल्या शाळा, यांचे नुकसान खरे होते. ही मंडळी फारशी ओरडली नाहीत. त्यांना त्या दिवशी काम होते.

पाठ आठवा : खरेदी आणि नंतर

मिनी घ्यावा. घेणारच आहात. आणखी वर्षभरात, जून २०१२ मध्ये, रेटिना मॅकबुक प्रोमधून ड्राइव्ह गेला, ऑक्टोबरमध्ये आयमॅकमधून. ज्यांना अगदीच राहवत नव्हते, त्यांच्यासाठी ड्राइव्हवाला एक १३ इंची मॅकबुक प्रो २०१६ पर्यंत विक्रीला ठेवलेला होता.

मग २०१४ चा मिनी आला. त्यात मेमरी बोर्डावरच डाखलेली, चार कोरचा प्रोसेसर नाही. झाले, लोक २०१२ चा मिनी जुन्या बाजारात शोधू लागले. काय भक्कम, काय वाढवता येण्याजोगा, तसे मशीन पुन्हा होणे नाही! त्या मशीनला सीडीची फट नव्हती, हे एव्हाना कोणाच्या लक्षातही नव्हते.

गृहपाठ

१) २०२४ चा मिनी १२.७ सेंटिमीटर रुंद आहे, सीडी १२ सेंटिमीटर. आत ड्राइव्ह कुठे बसवला असता, आकृती काढून दाखवा.

२) या मिनीचे चालू करण्याचे बटण डब्याच्या खाली, मागच्या कोपऱ्यात आहे. ‘मी तर रोज दाबतो’ या विषयावर संतप्त टिपण लिहा.

३) जुना ७९ डॉलरचा ड्राइव्ह या मिनीला थेट जोडता येत नाही, कारण चौकोनी यूएसबीची जागाच नाही. अडॅप्टरच्या किमतीबद्दल हळहळ व्यक्त करा. किंमत माहीत असण्याची गरज नाही.

उत्तरे सीडीवर राइट करून पाठवू नयेत. तपासनिसांकडेही मिनीच आहे.