दह्यासाठी जलसा

मदतीचे जलसे होतात ते पुरासाठी, भूकंपासाठी, फार तर एखाद्या शाळेच्या इमारतीसाठी. दहीवाल्यासाठी जलसा झाल्याचं तुम्ही ऐकलं नसेल. पण 27 ऑगस्ट 1972 रोजी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, व्हेनेटा गावाजवळच्या माळावर ‘ग्रेटफुल डेड’ हा नावाजलेला रॉक बँड दिवसभर घाम गाळत होता, तो स्प्रिंगफील्ड क्रीमरी नावाची छोटी डेअरी बुडू नये म्हणून.

डेअरी चक आणि सू केसी या जोडप्याची. चक हा ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ कादंबरीवाल्या केन केसीचा भाऊ. केनच्या साठच्या दशकातल्या, चारचौघांत वर्णन करू नये अशा पार्ट्यांमध्ये ‘ग्रेटफुल डेड’चीच मंडळी वाजवायची. त्या ओळखीवर केसी मंडळींनी बँडला गाठलं आणि सरळ अडचण सांगितली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रश्नच नव्हता. तिकिटंसुद्धा डेअरीच्या ‘नॅन्सीज’ दह्याच्या लेबलांवरच छापली होती. आधी घेतलं तर तीन डॉलर. नॅन्सी म्हणजे डेअरीत हिशेब लिहिणारी बाई. दही लावायची आजीची रीत तिला ठाऊक, म्हणून दह्याला नाव तिचं. मालकांनी स्वतःचं नाव पुढे केलं नाही, ही मला या सगळ्या प्रकरणातली फार मोठी गोष्ट वाटते.

या जलशाचा चित्रपट ‘सनशाइन डेड्रीम’. कैक वर्षं तो चोरट्या व्हिडिओ प्रतींतून रसिकांच्या हातोहात फिरला. मग 16 मिलिमीटरची मूळ फिल्म साफ करून, 16 ट्रॅकच्या ध्वनिफिती नव्यानं मिक्स करून 2013 साली तो रीतसर थिएटरात आला. साफसफाई झकास आहे. त्यामुळे घामसुद्धा स्वच्छ दिसतो. पारा 38 अंशांच्या वर आणि मंच असा बांधलेला की दुपारचं ऊन थेट वादकांच्या तोंडावर. तापलेल्या तारा सुरात राहायला तयार नाहीत. समोर वीसेक हजार माणसं. मधूनमधून माइकवरून पाण्याच्या आणि हरवलेल्या पोरांच्या घोषणा, थेट आपल्या जत्रेसारख्या.

आणि तो खांबावरचा गृहस्थ! पुढे बँडचा गायक-गिटारवादक जेरी गार्सिया मन लावून गातोय आणि मागे खांबाच्या टोकाला एक इसम, अंगावर चिंधी नाही, मजेत डोलतोय. संगणकाच्या जमान्यात त्याला पुसून टाकणं अवघड नव्हतं. त्याला तसाच ठेवला, हे उत्तम केलं. ज्यांनी चित्र साफ केलं त्यांना इतिहास साफ करायची हौस नव्हती.

‘डार्क स्टार’ या गाण्याचं अर्ध्या तासाचं प्रकरण मात्र धीराचं काम आहे. तिथं चित्रपटकर्त्यांचाही धीर सुटला असावा, कारण मध्येच रंगीबेरंगी ॲनिमेशन सुरू होतं. नव्या प्रेक्षकानं त्या वेळात चहा करून घेतला तरी पाप लागणार नाही.

त्या दिवशी फुकटे पुष्कळ घुसले, तरी डेअरी तरली. दहा वर्षांनी, 28 ऑगस्ट 1982 रोजी, बँड पुन्हा त्याच माळावर वाजवून गेला. 1995 मध्ये गार्सिया वारला आणि बँडचा कारभार आटोपला. केसींच्या डेअरीत दही अजून लागतंय, नॅन्सीच्याच नावानं.