भोवऱ्याची नोंद : मारवाडी अश्वविषयक एक अल्पप्रबंध

घोड्याच्या नोंदणीवर आजवर जे लेखन झाले त्यात घोड्याला अवास्तव महत्त्व दिलेले आढळते. प्रस्तुत प्रबंधाची भूमिका अशी की, नोंदणीच्या दृष्टीने घोडा ही गौण बाब आहे. तो किती जोरात पळतो, कुणाला लाथ मारतो, मालकाने हाक मारल्यावर येतो की नाही, यावर नोंदणी अडत नाही. ती अडते कानाच्या टोकावर, कातडीवरच्या भोवऱ्यावर आणि खुराच्या वरच्या बोटभर पांढऱ्यावर. म्हणून घोड्याला बाजूला बांधून आपण महत्त्वाच्या विषयांकडे वळू.

अभ्यासक्षेत्र मारवाड. तिथल्या घोड्यांसाठी स्टडबुक काढण्याची घोषणा २००७ च्या अखेरीस झाली, २००९ मध्ये नोंदणी सुरू झाली आणि सरकारमान्य नोंदणीचा अधिकार मारवाडी हॉर्स सोसायटीकडे आला. राठोडांच्या पदरी हा घोडा त्याआधी काही शतके विनानोंदणीच लढत होता, या गैरप्रकाराकडे इतिहासकारांनी दुर्लक्ष केले आहे. त्या काळी वंशावळ मालकाच्या जिभेवर असे आणि विक्रीच्या दिवशी तीत एखाद-दोन पिढ्यांची सहज भर पडे. आता रीत ठरली आहे. परीक्षक घोडा जातीच्या मानकाशी ताडून पाहतो, ओळखीच्या खुणा आणि अंगाची मापे लिहून घेतो, मग घोड्यावर नोंदणी क्रमांकाचा गारठलेला डाग बसतो आणि फोटो निघतो.

प्रथम कान. मारवाडी घोड्याचे कान आत वळतात आणि टोके एकमेकांना भिडतात. हे लक्षण इतके ठळक आहे की त्यावर वाद होऊ नये, पण शेजारच्या काठियावाडी घोड्याचे कानही नेमके असेच आहेत. दोहोंत फरक काय, असे विचारल्यावर जाणकार चेहऱ्याच्या ठेवणीतला बारीक भेद सांगतात, मारवाडी थोडा उंच असतो म्हणतात, आणि मग घसा खाकरून मुख्य भेद सांगतात : हा मारवाडातला आणि तो काठियावाडातला. या युक्तिवादाला न्यायशास्त्रात नाव आहे. घोड्यांसमोर ते घेऊ नये.

दुसरी अडचण अशी की कानांची टोके भिडतात ती घोडा सावध असताना. कंटाळला की तो कान सैल सोडतो, आणि नोंदणीच्या रांगेत उभा असलेला प्राणी, मग तो कोणत्याही जातीचा असो, कंटाळलेलाच असतो. म्हणून फोटोवाल्याच्या पाठीमागे आणखी एक माणूस लागतो. तो पत्र्याच्या डब्यात हरभरे खुळखुळवतो, शीळ घालतो, काहीच चालले नाही तर प्लास्टिकची पिशवी चुरगाळतो. घोडा दचकतो, मान उचलतो, कान टवकारतो, टोके भिडतात आणि बटण दाबले जाते. क्षणभरापूर्वीचा संशयित आता जातिवंत ठरलेला असतो. या डबेवाल्याचे नाव कागदावर कुठेही येत नाही.

मापांचे प्रकरण अधिक गहन आहे. परंपरेने मारवाडी घोड्याची मापे अंगुलांत सांगितली जातात आणि एक अंगुल म्हणजे पाच जव. चेहऱ्याची लांबी २८ ते ४० अंगुल असावी आणि मस्तकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी चेहऱ्याच्या चौपट. म्हणजे ४० अंगुल चेहऱ्याच्या घोड्याच्या पाठीवर १६० अंगुल, अर्थात ८०० जव ओळीने मांडावे लागतील. पूर्वपक्ष असा की कौटिल्याच्या कोष्टकात अंगुल आठ जवांचा आहे, मग मारवाडात तो पाचाचा का? काही म्हणतील की कौटिल्याने दाणे आडवे धरले आणि मारवाड्यांनी उभे. आमच्या मते इतके दूर जाण्याचे कारण नाही. कौटिल्याने दाणे टेबलावर मोजले असावेत. मारवाडात ते घोड्याच्या तोंडासमोर मोजले गेले. प्रत्येक आठांमागे तीन कमी पडणे हे अशा परिस्थितीत समाधानकारकच म्हटले पाहिजे.

उंचीला मात्र हल्ली इंग्रजी ‘हँड’ लावतात. एक हँड चार इंचांचा. १४.२ म्हणजे चौदा हँड दोन इंच, त्यापुढे १४.३, आणि त्यानंतर एकदम १५. चौदा पूर्णांक पाच दशांश उंचीचा घोडा जगात आजवर जन्मलेला नाही.

आता भोवरा. या विषयाला आजवर न्याय मिळालेला नाही असे म्हणता येणार नाही. उलट शालिहोत्रापासून गावच्या नालबंदापर्यंत सगळ्यांनी त्याला जरा जास्तच न्याय दिला आहे. केस जिथे गोल फिरतात ती जागा म्हणजे भोवरा. कंठावर लांबट उतरला तर तो देवमण. तो असला की बाकीच्या खोडी माफ. डोळ्याखाली आला तर आसूढाळ, अश्रूंच्या वाटेवरचा, मालकाला रडवणारा. पुढच्या पायावरच्या भोवऱ्याचे तोंड खाली असेल तर तो खुंटा गाडणारा, म्हणजे घर स्थिर. वर असेल तर खुंटा उपटणारा, म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. एकाच भोवऱ्याकडे गिऱ्हाईक उभे राहून पाहते आणि विकणारा वाकून, त्यामुळे खाली-वर ठरवताना दोघांत मतभेद होतो हे ओघानेच आले.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला, तापीकाठी, दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि मारवाडी घोडे तिथेही येतात. तिथला मुरलेला गिऱ्हाईक घोड्याचे दात नंतर पाहतो. आधी बोट ओले करून डोळ्याखालचे केस सपाट करतो, मग हनुवटीखाली हात घालून कंठ चाचपतो, मग गुडघ्यावर बसून पाय. विकणारा त्या वेळी आभाळाकडे पाहत असतो. घोड्याला आदल्या रात्री तेल का चोपडले होते, हे त्या दोघांनाही ठाऊक असते.

नोंदणी करणारा परीक्षकही नेमके हेच करतो. तोही वाकतो, केस सपाट करतो, भोवरा शोधतो आणि आकृतीत त्या जागी खूण करतो. कारण शास्त्रीय आहे : भोवऱ्याची जागा जन्मभर बदलत नाही आणि सगळ्या भोवऱ्यांची मांडणी दोन घोड्यांत सहसा जुळत नाही. तेव्हा आमचा सिद्धान्त असा. आधुनिक नोंदणीने जुन्या शकुनशास्त्राचा नकाशा जसाच्या तसा उचलला आणि त्यावरची भाकिते तेवढी खोडली. कंठ, डोळ्याखालची जागा, पुढचे पाय : पाहायच्या जागा त्याच. पूर्वी आसूढाळ दिसला की भाव पडे. आता दिसला की परीक्षक खूश होतो, कारण असा घोडा हजारांत ओळखू येतो. चोरीला गेल्यावर तो परत सापडण्याची शक्यताही जास्त. मालकाला रडवणारा म्हणून बदनाम झालेल्या भोवऱ्याचे हे पुनर्वसन उल्लेखनीय आहे, मात्र बाजारात अजून ते कुणाला कळवलेले नाही.

रंगाच्या बाबतीत नोंदणीशास्त्राची खरी परीक्षा होते. कुमैत, सुरंग, अबलख हे रंग लिहिले की लिहिले. पण सब्जा घोडा जन्मतः गडद असतो आणि वर्षागणिक पांढरा होत जातो. शिंगराच्या कागदावर जे लिहावे ते घोडा मोठा होता होता खोटे पडते. कागदाला डाग नाही, घोड्याला खोड नाही, तरी दोघांची गाठ पडत नाही. आणि मारवाडी घोड्यांत अबलखाच्या जोडीने सर्वाधिक पसंती असते ती सब्जालाच!

त्यात पुन्हा गारठलेला डाग. डागणीचा ठसा द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांपर्यंत थंड करून कातडीवर दाबतात. केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि त्या जागी पांढरे केस उगवतात, म्हणजे आकडा पांढऱ्यात वाचता येतो. पांढऱ्या अंगावर पांढरा आकडा कोण वाचणार? म्हणून तिथे ठसा जास्त वेळ दाबून केस उगवणेच बंद करतात. आकडा टकलाने लिहिला जातो. टक्कल हा शासकीय पुरावा म्हणून ग्राह्य धरला जाण्याचे अन्य उदाहरण आमच्या वाचनात नाही.

पूर्ण पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या घोड्याला हा त्रास सहसा पडत नाही, कारण मारवाडी म्हणून त्याला नोंदवहीत बहुधा घेतच नाहीत. तो मुद्दाम पैदा केला जातो तो धार्मिक कार्यासाठी, आणि वरातीलाही तोच हवा असतो. नवऱ्या मुलाचे गोत्र, नाडी, गण, पगार सगळे तपासून झाल्यावर त्याला ज्याच्या पाठीवर बसवायचे त्याच्या कुळाचा पत्ता नाही, यावर आजवर एकाही मुलीकडच्यांनी आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही. काळ्या घोड्याचे उलट आहे. त्याला लोक अशुभ मानतात.

तुलनेसाठी आपल्याकडचा भीमथडी घोडा घेऊ. याची नोंदणी वेगळ्या प्रकारची : एकेका घोड्याची नव्हे, अख्ख्या जातीची. ती कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे होते. भीमथडीच्या कानांची टोके भिडत नाहीत आणि त्याच्या चेहऱ्यावर कुणी जव मांडल्याचे ठाऊक नाही. पुणे, सातारा, सोलापूर, नगर भागातले धनगर मेंढ्यांमागे निघतात तेव्हा भांडी, वाघरी, कोंबड्या आणि कधी वरती एखादे लेकरू असे सारे बिऱ्हाड हा घोडा वाहतो. ज्या जनावराच्या पाठीवर जन्मभर बिऱ्हाडच आहे, त्याच्या पायावरचा भोवरा वर बघतो की खाली हे पाहून धनगर काय करणार?

या घोड्याला मिळालेला क्रमांक असा : इंडिया_हॉर्स_११००_भीमथडी_०७००८. यातले ०७ म्हणजे घोडा आणि ००८ म्हणजे देशातल्या नोंदलेल्या घोड्यांच्या जातींत आठवा. ११ म्हणजे महाराष्ट्र. पुढच्या दोन शून्यांची जागा दुसऱ्या राज्याचा वाटा असेल तर त्याच्या आकड्यासाठी राखलेली असते. इथे शून्ये आहेत, म्हणजे जात एकट्या महाराष्ट्राची. एखाद्या गोष्टीवर शेजारच्या राज्याने हक्क सांगितलेला नाही असे सरकारी कागदावर लिहून मिळणे आपल्याला इतके अपूर्व आहे की या दोन शून्यांवर स्वतंत्र प्रबंध व्हावा. पुढे जातीतल्या एकेका घोड्याची नोंद सुरू झाली आणि अर्जात जन्मगाव विचारले, तर दोन मुक्कामांच्या मधे वाटेत जन्मलेल्या शिंगराचे काय लिहायचे, हेही त्याच प्रबंधात पाहू.